कवी थॉमस कॅम्पबेल

थॉमस कॅम्पबेल हे स्कॉटलंड देशातील थोर कवी होऊन गेले. त्यांचा जन्म २७ जुलै १७७७ रोजी ग्लासगो शहरात हाय स्ट्रीट या रस्त्यावर झाला. ग्लासगोचे विद्यापीठही तेव्हा त्याच रस्त्यावर होते.

अकरा भावंडांत थॉमस सगळ्यांत धाकटे. त्यांचे वडील अमेरिकेशी तंबाखूचा व्यापार करत. पण तिकडे लढाई पेटली आणि धंदा पार बसला. घरात ओढाताण झाली, तरी वडलांनी मुलाचे शिक्षण थांबवले नाही. १७९१ साली थॉमस विद्यापीठात गेले. तेव्हा ते फक्त १४ वर्षांचे होते. ग्रीक कवितांचे भाषांतर करून त्यांनी बक्षिसे मिळवली. खर्च भागवायला ते शिकवण्या घेत. १७९५ च्या सुट्टीत तर लांबच्या एका बेटावर जाऊन त्यांनी मुलांना शिकवले.

१७९९ साली आशेवरचे त्यांचे मोठे काव्य छापले गेले आणि त्यांचे नाव झाले. पुढे ते लंडनला राहायला गेले. एवढे मोठे शहर, पण तिथे विद्यापीठच नव्हते! इंग्लंडातल्या दोन जुन्या विद्यापीठांत एकाच पंथाच्या लोकांना पदवी मिळे. म्हणून १८२५ साली कॅम्पबेल यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून लंडनला विद्यापीठ पाहिजे अशी मागणी केली. पुष्कळ लोकांनी पैसे घातले. १८२८ मध्ये तिथे वर्ग भरले. कोणाला धर्म विचारला नाही. मुलींना मात्र पदवीसाठी १८७८ पर्यंत थांबावे लागले.

इकडे ग्लासगोचे विद्यार्थी त्यांना विसरले नव्हते. १८२६ साली त्यांनी मते देऊन कॅम्पबेल यांना लॉर्ड रेक्टर केले. रेक्टर म्हणजे विद्यार्थ्यांची बाजू मांडणारा मोठा मानकरी. आपण वर्गमंत्री निवडतो ना, तसेच. त्यांच्या विरुद्ध मंत्री जॉर्ज कॅनिंग होते, ते हरले. कॅम्पबेल पदाचे भाषण करायला आले तेव्हा मुले अंगणात बर्फाचे गोळे मारत होती. तेही त्यांच्यात शिरून खेळले आणि मगच भाषणाला गेले, असे सांगतात. ते लागोपाठ तीनदा निवडून आले.

१५ जून १८४४ रोजी फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले. लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबे येथे त्यांना पुरले. तिथे मोठमोठ्या कवींच्या समाध्या आहेत.

शिकवण्या घेऊन शिकलेला मुलगा त्याच विद्यापीठाचा रेक्टर झाला. आपल्याला शिकायला मिळाले, तसे दुसऱ्यांनाही मिळावे म्हणून तो झटला. म्हणून पालकांनो, घरी अडचण आली तरी मुलामुलींचे नाव शाळेतून काढू नका.

अशा या थोर कवीला माझे प्रणाम.