इमाम अबुल हसन अशअरी (रह.) : उस्तादांना प्रश्न विचारणारा शागीर्द

आपल्या घरातली लहान मुलं कधीकधी मोठा प्रश्न विचारतात. सगळं अल्लाहनेच ठरवलंय, तर मग माझ्या चुकीची शिक्षा मला का? आपण त्यांना गप्प बसवतो. पण इस्लामी इतिहासात अशा प्रश्नांसाठी एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. त्याला इल्मे कलाम म्हणतात. या शास्त्रातलं एक मोठं नाव म्हणजे इमाम अबुल हसन अशअरी (रह.).

त्यांचा जन्म हिजरी २६० मध्ये (इ.स. ८७३-७४) इराकमधील बसरा शहरात झाला. सहाबी हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्या वंशातले ते. त्या काळी बसऱ्यात मुअतजिला पंथाचा जोर होता. अक्कल ही सत्याची कसोटी आहे, अल्लाहने न्यायच केला पाहिजे आणि कुरआन ही निर्मित वस्तू आहे, असं ते मानत. इ.स. ८३३ मध्ये खलिफा मामूनने हे मत सत्तेच्या बळावर उलेमांवर लादायला सुरुवात केली. ते नाकारलं म्हणून इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांनी कैद भोगली, फटके खाल्ले.

अशअरी याच पंथात वाढले. बसऱ्यातील मुअतजिलांचे प्रमुख अबू अली जुब्बाई हे त्यांचे उस्ताद. सुमारे चाळीस वर्षांचे होईपर्यंत अशअरी त्यांच्याच बाजूने वाद घालत.

मग शंका सुरू झाल्या. एक किस्सा प्रसिद्ध आहे. शागिर्दाने उस्तादांना तीन भावांबद्दल विचारलं. एक नेक मरण पावला, दुसरा काफिर म्हणून, तिसरा बालपणीच. बालकाला नेकी करायची संधी का मिळाली नाही? उस्ताद म्हणाले, मोठा होऊन तो गुन्हेगार झाला असता, म्हणून लवकर मरण्यातच त्याचं भलं होतं. मग त्या काफिराला बालपणीच मरण का आलं नाही? यावर उस्तादांकडे उत्तर नव्हतं.

पुढे बसऱ्याच्या मशिदीत सर्वांसमोर अशअरींनी जुना पंथ सोडल्याचं जाहीर केलं. आयुष्यभराची ओळख सोडणं सोपं नव्हतं. पण तर्काचं हत्यार त्यांनी टाकलं नाही, ते कुरआन-सुन्नतच्या बाजूने वापरलं. कुरआन अल्लाहचं कलाम आहे, निर्मित नाही. अल्लाहचे गुण खरे आहेत, पण ते कसे, हे बंद्याने विचारू नये. कृती अल्लाह निर्माण करतो आणि बंदा ती कमावतो, म्हणून जबाबदारी बंद्याची. या कमावण्याला ते कस्ब म्हणत.

त्यांच्यावर दोन्हीकडून टीका झाली. मुअतजिलांना ते सोडून गेलेले वाटले, तर काही हंबली उलेमांना त्यांचा तर्कच खटकला. हिजरी ३२४ च्या सुमारास बगदादमध्ये त्यांचा इंतकाल झाला. पुढे इमाम गजाली (रह.) यांच्यासारखे विद्वान याच परंपरेत झाले. कोकणातील मुस्लिम ज्या शाफई मसलकाचे आहेत, त्या मसलकाचे बहुतेक उलेमा अकीद्यात अशअरी राहिले. हनफींमध्ये समरकंदच्या इमाम मातुरीदी (रह.) यांची परंपरा रुजली.

मकालातुल इस्लामिय्यीन या ग्रंथात त्यांनी मुस्लिमांमधल्या वेगवेगळ्या गटांची मतं नोंदवली. विरोधकांचं म्हणणंही त्यात आहे. त्या ग्रंथाच्या पूर्ण नावात या सगळ्या गटांना त्यांनी नमाज पढणारे म्हटलं आहे. अखेरच्या दिवसांत, किब्ल्याकडे तोंड करणाऱ्या कुणालाही आपण काफिर म्हणत नाही, असं त्यांनी सांगितल्याची रिवायत आहे. छोट्या मतभेदावरून एकमेकांना दीनबाहेर काढणाऱ्या आजच्या आपल्या मोहल्ल्यांनी एवढं जरी घेतलं, तरी पुष्कळ झालं.