गजानन बाबुराव म्हात्रे

गजानन बाबुराव म्हात्रे (१९०२ - १९७३), अर्थात जी. बी. म्हात्रे, हे मुंबईतील मराठी वास्तुविशारद होते. १९३० व १९४० च्या दशकांत मुंबईत रुजलेल्या आर्ट डेको शैलीतील निवासी इमारतींच्या प्रमुख रचनाकारांत त्यांची गणना होते.

शिक्षण

म्हात्रे यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वास्तुकलेचे शिक्षण घेतले. पुढील अभ्यासासाठी ते लंडनला गेले आणि परतल्यावर त्यांनी मुंबईत व्यवसाय केला.

पार्श्वभूमी

१८९६ च्या प्लेगनंतर दाट, कोंदट वस्तीचा प्रश्न ऐरणीवर आला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार विश्वस्त मंडळाने दादर, माटुंगा आदी भागांत रुंद रस्ते व मोकळ्या जागा सोडून भूखंड पाडले. बॅकबे भरावामुळे दक्षिण मुंबईतही नवी जमीन उपलब्ध झाली. चाळीतील सामाईक नळ व शौचकूप यांऐवजी स्वतंत्र स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असलेली सदनिका मध्यमवर्गाला हवी होती. म्हात्रे यांचे कार्य या गरजेतून आकारास आले.

कार्य

मरीन ड्राइव्ह व वीर नरिमन मार्ग यांच्या कोपऱ्यावरील सूना महल (१९३७) ही त्यांची सर्वपरिचित इमारत होय. बांधणाऱ्या सिधवा कुटुंबातील आजींच्या नावावरून तिचे नाव पडले. कोपऱ्यावरचा मनोऱ्यासारखा उंच भाग आणि त्याच्या दोन्ही अंगांना जाणारे आडवे पट्टे हे तिचे वैशिष्ट्य आहे. ओव्हल मैदानासमोरील एम्प्रेस कोर्ट हीदेखील त्यांचीच रचना. दादर-माटुंगा परिसरातही त्यांनी अनेक निवासी इमारती उभारल्या.

बांधकाम व रचना

त्या काळच्या सदनिकांत भार प्रबलित काँक्रीटच्या खांब-तुळयांवर असे आणि मधल्या भिंती विटांच्या असत. भिंतींवर मजल्यांचा भार नसल्याने त्यांची जाडी कमी ठेवता येई, खिडक्या रुंद करता येत आणि कोपरे वळविता येत. खिडक्यांवरील लांब छज्जे मुंबईचा पाऊस व ऊन अडवीत. म्हात्रे यांच्या इमारतींत अलंकरण मोजकेच आहे; खोल्यांची सोयीची मांडणी, हवा-उजेड आणि शेजारच्या इमारतींशी जुळणारी दर्शनी बाजू यांवर त्यांचा भर होता. त्यामुळे एकेक इमारत वेगळी असूनही संपूर्ण रस्ता एकसंध दिसतो.

वारसा

वास्तुविशारद कामू अय्यर यांनी संपादित केलेला म्हात्रे यांच्या वास्तूंवरील इंग्रजी ग्रंथ २००० साली प्रसिद्ध झाला. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. सूना महल व एम्प्रेस कोर्ट यांचा त्यात समावेश आहे. दादर-माटुंग्यातील वास्तू मात्र या क्षेत्राबाहेर आहेत. तेथे जुन्या इमारती पाडून उंच मनोरे बांधण्याकडे कल असल्याने त्यांच्या जतनाचा प्रश्न कायम आहे.