हेन्री चँडलर काउल्स आणि वाळूच्या टेकड्या

पाण्याच्या काठी गेलो म्हणजे आपण सर्व लाटांकडे तोंड करून बसतो. पाठीमागे पसरलेल्या वाळूच्या टेकड्या कोणाच्या खिजगणतीतही नसतात. त्या उजाड दिसणाऱ्या टेकड्यांनाच ज्याने आपला ग्रंथ मानले आणि आपली शाळाही मानले, अशा एका अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाचे चरित्र आम्ही या अंकी विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

हेन्री चँडलर काउल्स यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ रोजी अमेरिकेच्या कनेटिकट संस्थानातील केन्सिंग्टन या गावी झाला. ओबर्लिन कॉलेजातून १८९३ साली पदवी संपादन केल्यावर ते पुढील अभ्यासासाठी शिकागो विश्वविद्यालयात आले. तेथे त्यांना भूस्तरशास्त्र व वनस्पतिशास्त्र या दोन्ही विद्यांचा लाभ झाला. जमीन कशी घडते हे एका विद्येने शिकविले. तिच्यावर काय उगवते हे दुसरीने. डेन्मार्कमधील वनस्पतिशास्त्रज्ञ वॉर्मिंग यांच्या ग्रंथाचाही त्यांच्या मनावर खोल संस्कार झाला. वनस्पती एकेकट्या न पाहता त्यांच्या समाजासह व परिस्थितीसह पाहाव्या, ही दृष्टी त्यांना तेथून लाभली.

शिकागोहून आगगाडीने थोडा प्रवास केला की इंडियाना संस्थानातील मिशिगन सरोवराचा दक्षिण किनारा लागतो. हे सरोवर नावाचेच सरोवर. विस्ताराने व लाटांनी ते समुद्राची आठवण करून देते. लाटा वाळू काठावर टाकतात, ती वाळली की वारा तिला आत लोटतो, आणि जेथे अडथळा भेटेल तेथे तिचा ढीग होतो. हा पहिला अडथळा बहुधा मॅरम नावाच्या गवताचा असतो. वाळूने त्याला पुरले तर त्याचे भूमिगत खोड वर वाढते. पुन्हा पुरले तर पुन्हा वाढते. जो ढीग त्याला गाडावयास येतो, त्यालाच ते बांधून ठेवते! कॉटनवुड नावाचे झाडही असेच चिवट आहे. बुंधा वाळूत बुडाला तरी त्यालाच नवी मुळे फुटतात आणि झाड जगते.

या किनाऱ्यावर काउल्स वारंवार पायी हिंडले. तेव्हा त्यांच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. प्राचीन हिमयुगानंतर सरोवराचे पाणी टप्प्याटप्प्याने मागे हटले होते, त्यामुळे पाण्याजवळच्या टेकड्या नव्या तर आतल्या टेकड्या जुन्या होत्या. पाण्यापासून आत चालू लागले की प्रथम उघडी वाळू, मग गवत, मग कॉटनवुड, पुढे पाइन, त्यापलीकडे ओक आणि काही ठिकाणी बीच व मेपल यांचे दाट अरण्य लागते. तासा-दोन तासांची ती चाल म्हणजे हजारो वर्षांचा प्रवासच होय. एका पिढीच्या पाल्यापाचोळ्याने माती काळी व ओलसर होते, सावली पडते, आणि त्यायोगे पुढील पिढीची सोय होते. हे संशोधन १८९९ साली प्रसिद्ध झाले आणि त्यांचे नाव सर्वत्र झाले. १९१३ साली टान्सली प्रभृती युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञ या टेकड्या मुद्दाम पाहावयास आले. पुढे १९५८ साली ऑल्सन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, हा क्रम सर्वत्र एकाच वाटेने जात नाही. कित्येक ओकवने हजारो वर्षे ओकवनेच राहतात. परंतु निसर्ग हा स्थिर देखावा नसून चालता इतिहास आहे, हा काउल्स यांचा मूळ धडा त्यामुळे खोटा ठरला नाही.

अध्यापक म्हणून ते विनोदी व प्रेमळ होते. त्यांचा खरा वर्ग चार भिंतींच्या आत नसून वाळूवर भरे. १९३४ पर्यंत शिकागो येथे त्यांनी शिष्यांच्या अनेक पिढ्या तयार केल्या.

परंतु हा ग्रंथ त्यांच्या डोळ्यांदेखत पानापानाने फाडला जात होता. मिशिगन सिटी येथील हूझिअर स्लाइड ही सुमारे २०० फूट उंचीची टेकडी काचेच्या कारखान्यांसाठी वाघिणी भरभरून नेण्यात आली आणि १९२० च्या सुमारास ती नामशेष झाली. १९०६ साली टेकड्या सपाट करून पोलादाच्या कारखान्यासाठी गॅरी शहर वसविण्यात आले. आम्ही कारखान्यांचे शत्रू नव्हे. काच व पोलाद आम्हां सर्वांनाच हवे. पण घडावयास हजारो वर्षे लागलेली वस्तू तीस वर्षांत संपवावी काय, हा प्रश्न उरतोच. १९१६ साली सरकारी अधिकारी स्टीफन माथर यांच्यापुढे शिकागो येथे सुनावणी झाली, तेव्हा काउल्स यांनी टेकड्यांची बाजू मांडली. रुक्ष प्रदेशातील निवडुंग आणि थंड उत्तरेकडील बेअरबेरी जेथे शेजारी नांदतात, अशी जागा वाचलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि ती योजना मागे पडली. संस्थानचे उद्यान मात्र १९२६ साली लोकांसाठी खुले झाले, एवढे काउल्स यांना पाहावयास मिळाले. १२ सप्टेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९६६ साली त्या किनाऱ्याला राष्ट्रीय संरक्षण लाभले व २०१९ साली तो राष्ट्रीय उद्यान झाला. तेथील एका पाणथळीला आज काउल्स यांचे नाव आहे.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरही मर्यादवेल वाळूवर पसरून तिला धरून ठेवते. पुढील सुटीत तेथे गेलात तर क्षणभर लाटांकडे पाठ करा, पाण्यापासून आत सावकाश चाला आणि पावलोपावली काय बदलते ते वहीत टिपून ठेवा. मात्र वेल उपटू नका. काउल्स यांच्याजवळ आरंभी दोन पाय, दोन डोळे आणि पुष्कळसा धीर याहून निराळे भांडवल नव्हते. आणि तेवढे तर आपणां सर्वांजवळ आहेच.