मातीचे चरित्र सांगणारे दोकुचायेव

विहीर खणताना किंवा इमारतीच्या पायासाठी खड्डा घेतला, की त्याच्या कडेला मातीचे थर उघडे पडतात. वर काळसर, मुळांनी भरलेला थर, त्याखाली फिकट होत जाणारी माती, मग मुरूम आणि तळाशी खडक. आपण हे पाहतो आणि पुढे जातो. रशियातील एका भूवैज्ञानिकाने मात्र असे असंख्य खड्डे खणून घेतले आणि त्यातून एक नवे विज्ञान उभे राहिले. त्यांचे नाव वसिली वसिलीविच दोकुचायेव.

त्यांचा जन्म १८४६ साली स्मोलेन्स्क प्रांतातील मिल्युकोवो या खेड्यात झाला. वडील गावच्या चर्चमध्ये धर्मगुरू होते. मुलानेही तेच करावे, ही रीतच होती. शिक्षणही धार्मिक शाळांत झाले. १८६७ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गच्या धर्मविद्यापीठात दाखल झाले. पण काही आठवड्यांतच तिथून बाहेर पडून त्यांनी शहरातील विद्यापीठात निसर्गविज्ञानाचा अभ्यास सुरू केला. पुढे तिथेच ते भूविज्ञानाच्या संग्रहाचे काम पाहू लागले.

त्या काळी मातीकडे दोनच नजरांनी पाहिले जाई. भूवैज्ञानिकाच्या लेखी ती खडकाचा झिजलेला चुरा होती, तर शेतीच्या रसायनतज्ज्ञाच्या लेखी पिकाचे अन्न साठवणारे कोठार. माती अशी का झाली, इथे काळी आणि तिथे राखाडी का, हे विचारणारे विरळाच.

या प्रश्नाला निमित्त मिळाले ते रशियाच्या काळ्या मातीचे. तिला तिथे ‘चेर्नोझेम’ म्हणतात. देशाचा गहू याच मातीत पिके. शेतीसुधारणेसाठी काम करणाऱ्या फ्री इकॉनॉमिक सोसायटी या संस्थेने तिच्या अभ्यासाचे काम दोकुचायेव यांच्याकडे सोपवले. १८७७ आणि १८७८ च्या उन्हाळ्यांत त्यांनी सुमारे १० हजार किलोमीटर प्रवास केला. ठिकठिकाणी खड्डे घेतले, थर मोजले, नमुने पेट्यांत भरून आणले.

ही माती समुद्राच्या गाळातून आली, असे काही जण मानत. काहींच्या मते ती जुन्या दलदलींतून बनली. वनस्पतिशास्त्रज्ञ रुप्रेख्त यांनी ती गवताळ प्रदेशात घडल्याचे आधीच सुचवले होते. दोकुचायेव यांनी ते पुराव्यानिशी मांडले आणि पुढे नेले. गवताची मुळे दरवर्षी मरतात, कुजतात. थंड हिवाळा आणि कोरडा उन्हाळा यांमुळे ते कुजणे पूर्ण होत नाही आणि हजारो वर्षांत काळा ह्यूमस साठत जातो. काही पट्ट्यांत त्याचे प्रमाण १० टक्क्यांहून जास्त भरले. १८८३ मध्ये ‘रशियन चेर्नोझेम’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आपल्याकडची काळी रेगूर जमीन रंगाने या मातीसारखीच. पण तिची घडण वेगळी आहे. ती मुख्यतः बेसाल्ट खडकापासून बनली आणि तिच्यात सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो. दोघींचा रंग एक, इतिहास निरनिराळे. दोकुचायेव यांचे म्हणणे नेमके हेच होते. मूळ खडक, हवामान, वनस्पती आणि प्राणी, जमिनीचा उंचसखलपणा आणि काळ या पाच गोष्टी मिळून माती घडवतात. त्यातली एक बदलली, की माती बदलते. म्हणून माती हा चुरा नव्हे. खनिज, वनस्पती आणि प्राणी यांच्याप्रमाणे ती निसर्गातील एक स्वतंत्र वस्तू आहे.

या विचाराची कसोटी लवकरच लागली. १८९१ मध्ये मोठा दुष्काळ पडला. उपासमारीपाठोपाठ टायफस आणि कॉलरा आले; लाखो माणसे दगावली. सर्वांत सुपीक मातीच्या प्रदेशातच अन्न का संपले? केवळ पाऊस कमी पडला म्हणून, हे उत्तर दोकुचायेव यांना पुरेसे वाटले नाही. जंगले तुटली होती, गवताळ रान नांगराखाली आले होते, घळी वाढत होत्या. मातीची भुसभुशीत घडण मोडल्याने बर्फाचे आणि पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जात होते. १८९२ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिले आणि त्याचे उत्पन्न दुष्काळग्रस्तांना दिले. त्याच वर्षी व्होरोनेझ प्रांतातील कामेन्नाया स्टेपसह तीन ठिकाणी प्रयोग सुरू झाले. शेतांभोवती झाडांचे पट्टे लावायचे, तळी बांधायची, घळी आवरायच्या. काही वर्षांतच सरकारी पाठबळ आटले; पण कामेन्नाया स्टेपमधील जुने वृक्षपट्टे आजही उभे आहेत.

त्यांची नजर शेतापुरती नव्हती. १८९० मध्ये त्यांनी सेंट पीटर्सबर्ग शहर आणि परिसराच्या सविस्तर अभ्यासाची योजना मांडली होती. दलदलीवर वसलेल्या या राजधानीतील माती, भूगर्भ, पाणी, हवा, वनस्पती आणि प्राणी यांचा एकत्रित अभ्यास व्हावा, असा तिचा रोख होता. ती पूर्णत्वाला गेली नाही. आज शहरी मातीचा अभ्यास ही मृदाविज्ञानाची वेगळी शाखा आहे आणि तिची गरज आपल्याला रोज दिसते. शहरातील मातीत बांधकामाचा राडारोडा मिसळतो. वाहतुकीने आणि भरावाने ती घट्ट दाबली जाते. काँक्रीटखाली गेली, की पाणी मुरणे थांबते. जुन्या रंगांतील आणि पूर्वीच्या पेट्रोलमधील शिसे तिच्यात अनेक दशके राहते आणि खेळणाऱ्या मुलांच्या हातावाटे पोटात जाऊ शकते.

दोकुचायेव यांचा शेवट सुखाचा नव्हता. आजच्या पोलंडमधील नोवो-अलेक्झांड्रिया येथील शेती व वनसंस्थेचे ते प्रमुख होते. तिथे १८९४ मध्ये मृदाविज्ञानाचे पहिले अध्यासन सुरू झाले आणि ते त्यांचे शिष्य सिबिर्त्सेव यांच्याकडे गेले. पण तब्येत ढासळत होती. १८९७ मध्ये पत्नी आणि सहकारी ॲना यांचे निधन झाले. मनाचा आजार बळावला. मध्ये थोडी उभारी आली, तेव्हा ते कॉकेशस पर्वतात गेले आणि उंचीनुसार मातीचे पट्टे कसे बदलतात हे पाहून आले. त्यानंतर आजाराने पुन्हा गाठले. १९०३ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये मातीचे संग्रहालय उघडले. त्याला त्यांचे नाव आहे.

शिष्य ग्लिंका यांच्या जर्मन पुस्तकामुळे हे विचार युरोपात पोहोचले आणि कर्टिस मार्बट यांच्या भाषांतरामुळे अमेरिकेत. आज चेर्नोझेम आणि पॉडझॉल हे रशियन शब्द जगभरच्या मृदानकाशांवर आहेत.

मातीचा एक सेंटीमीटर थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागू शकतात. तो वाहून जायला काही मोसमी पाऊस पुरतात. पुढच्या वेळी रस्त्याकडेला खड्डा दिसला, तर क्षणभर थांबून त्याच्या कडा पाहाव्यात. गमावल्यावर आपल्या हयातीत परत न मिळणारी गोष्ट तिथे थराथराने मांडलेली असते.