सहस्रमुखी नट लॉन चेनी

चित्रपटांतील भयानक पात्रें पाहून प्रेक्षक दचकतात. परंतु त्या भेसूर मुखामागें कोणाचे श्रम असतात याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. अशा श्रमांसाठीं ज्याचें नांव झालें, त्या लॉन चेनी या अमेरिकन नटाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहोंत.

चेनीचा जन्म १ एप्रिल १८८३ रोजीं कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गांवीं झाला. त्याचे आईबाप दोघेही बहिरे होते. त्यामुळें मनांतील गोष्ट हातांनीं, डोळ्यांनीं व चेहऱ्यानें सांगण्याची कला त्यास बाळपणींच साध्य झाली. पुढें आई संधिवातानें अंथरुणास खिळली, तेव्हां शाळा सोडून तो तिच्या शुश्रूषेस राहिला. गांवांत घडलेलें सारें तो तिला हावभावांनीं करून दाखवी. त्याच्या पुढील कीर्तीचा पाया त्या बिछान्याजवळच घातला गेला.

फिरत्या नाटकमंडळ्यांत कांहीं वर्षें काढून तो हॉलिवूडमध्यें आला. आपली रंगभूषा तो स्वतःच करी. १९२३ च्या ‘हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ मध्यें पाठीवर प्लास्टरचें कुबड बांधून त्यानें घंटा वाजविणाऱ्या क्वासिमोदोचें काम केलें. १९२५ च्या ‘फँटम ऑफ दि ऑपेरा’ मध्यें नाक वर ओढून व नाकपुड्या काळ्या रंगवून त्यानें आपल्या मुखाची जणूं कवटी बनविली. प्रेक्षक भ्याले खरे, पण त्या कुरूप जीवांची त्यांस दयाही आली. आणि ही दया रंगानें नव्हे, तर आईजवळ शिकलेल्या त्या हावभावांनीं उत्पन्न केली.

जुना चित्रपट नव्यानें काढण्याची चाल तेव्हांही होती. चेनीचा ‘अनहोली थ्री’ हा १९२५ चा मूकपट १९३० सालीं बोलपट होऊन पुन्हा निघाला. त्यांत त्यानें पांच निरनिराळे आवाज काढले. तोच त्याचा एकमेव बोलपट ठरला. कर्करोगानें त्याची वाचा गेली व अखेरच्या दिवसांत तो पुन्हा खुणांनींच बोलूं लागला. २६ ऑगस्ट १९३० रोजीं, वयाच्या ४७ व्या वर्षीं, त्याचें देहावसान झालें.

त्याच्या ‘फँटम’ ची नवी आवृत्ति युनिव्हर्सल कंपनीनें १९४३ सालीं रंगीत काढली. याच कंपनीच्या १९३२ च्या ‘ममी’ मध्यें बोरिस कार्लॉफ या नटास रंगांनीं व पट्ट्यांनीं प्रेताचें रूप दिलें होतें. १९९९ च्या नव्या ‘ममी’ मध्यें सडलेलें प्रेत संगणकानें रेखाटलें. हाडांच्या पोकळींतून आरपार दिसावें, हें कोणत्याही रंगभूषेनें साधलें नसतें. तरीही त्या चित्रास चाल द्यावयास नटाच्याच हालचाली टिपून घ्याव्या लागल्या. साधनें पालटलीं, पण भुतालाही माणसाचेंच अंग लागलें. म्हणून रंग श्रेष्ठ कीं संगणक, या वादांत आमचे विद्यार्थी पडले, तर त्यांनीं प्रथम चेनीचे जुने मूकपट पाहावे, आणि मुखवट्यापेक्षां त्याच्या हातांकडे अधिक लक्ष द्यावें.