विल्यम हर्शेल: कंत्राटदाराच्या पंजापासून बोटाच्या ठशापर्यंत

आज मोबाइलच्या सेन्सरवर बोट टेकवले की तो उघडतो. या बायोमेट्रिक ओळखीचा एक धागा बंगालमधल्या रस्त्याच्या कंत्राटापर्यंत जातो.

विल्यम जेम्स हर्शेल (१८३३–१९१७) हे युरेनस ग्रह शोधणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाचे नातू. १८५८ मध्ये जंगीपूर येथे अधिकारी असताना त्यांनी राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला. पुढे त्याने सही नाकारू नये म्हणून शिक्क्याची शाई लावून कागदाच्या मागे त्याच्या पंजाचा ठसा घेतला. म्हणजे हेतू ओळख पटवण्याचा नव्हताच, धाक बसवण्याचा होता!

पण त्यांना ठशांचा नाद लागला. स्वतःचे आणि ओळखीच्यांचे ठसे ते वर्षानुवर्षे घेत राहिले. वय वाढले तरी बोटावरच्या रेषांची रचना बदलत नाही, हे त्यातून दिसले. जुन्या नोंदीशी नवा ठसा आजची यंत्रे जुळवू शकतात, ते याच गुणामुळे.

१८७७ मध्ये हुगळीला त्यांनी पेन्शन, दस्तनोंदणी आणि तुरुंग या कामांत बोटांचे ठसे घेणे सुरू केले. दुसऱ्याच्या नावाने पेन्शन उचलणे त्यामुळे अवघड झाले. इतर तुरुंगांतही ही पद्धत वापरावी, ही त्यांची सूचना मात्र मान्य झाली नाही. पुढच्याच वर्षी ते इंग्लंडला परतले.

हजारो ठशांतून हवा तो शोधायचा कसा, हा प्रश्न मागे उरला. तो एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालच्या अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी सोडवला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे विभाग सुरू झाला, पण वर्गीकरणाला नाव लागले ते हेन्रींचे.