कियांतीचा पोलादी बॅरन

युरोपात राहायला आलेल्या मराठी माणसाच्या कानावर ‘कियांती’ हे नाव कधी ना कधी पडतंच. ऑफिसची पार्टी असो की कोपऱ्यावरचं इटालियन रेस्टॉरंट, लाल वाईनच्या यादीत ती हमखास असते. बाटलीवर काळा कोंबडा दिसला की समजायचं, ही ‘कियांती क्लासिको’, म्हणजे फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांच्या मधल्या मूळ डोंगराळ टापूतली. या वाईनला आजचं रूप देण्यात ज्या माणसाचा सगळ्यात मोठा हात आहे, तो दोनदा इटलीचा पंतप्रधान होता. त्याचं नाव बेत्तिनो रिकासोली.

जन्म ९ मार्च १८०९, फ्लॉरेन्स. घराणं जुनं, नाव मोठं आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर. कियांतीतला ब्रोलियोचा किल्ला आणि भोवतालची जमीन बाराव्या शतकापासून रिकासोलींकडे होती. आई-वडील लवकर गेले. धाकट्या भावांची जबाबदारी याच्यावर आली, पण कायद्याने हाच अजून सज्ञान नव्हता. शेवटी तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकने खास हुकूम काढून विसाव्या वर्षीच त्याला सज्ञान ठरवलं. आपल्याकडे जसा एखादा थोरला मुलगा शिक्षण बाजूला ठेवून घराचा गाडा ओढायला लागतो, तसाच हा प्रकार.

पुढच्याच वर्षी त्याचं आन्ना बोनाक्कोर्सी हिच्याशी लग्न झालं. फ्लॉरेन्समधल्या एका नाचाच्या कार्यक्रमात एक तरुण आन्नाभोवती जरा जास्तच घोटाळत होता, म्हणून बॅरनने त्याच रात्री गाडी जोडायला सांगितली आणि बायकोला थेट ब्रोलियोच्या किल्ल्यावर नेलं, अशी गोष्ट तिकडे अजून सांगतात. खरी-खोटी कोण जाणे, पण त्याचा स्वभाव तिच्यातून बरोबर कळतो. लोक त्याला ‘पोलादी बॅरन’ म्हणायचे. शिस्तीचा, देवभीरू, हट्टी. जमीन कसणारे शेतकरी अर्ध्या वाट्याचे वाटेकरी होते. त्यांच्यासाठी त्याने नियम लिहून काढले, त्यांना धर्माचे धडेही दिले. आजच्या नजरेने पाहिलं तर हा मालक जाचकच वाटतो.

पण हाच हट्ट त्याने वाईनच्या बाबतीतही धरला. तेव्हाची कियांती घरोघरी वेगळी असायची. मळ्यात लाल-पांढरे वाण एकत्र लावलेले, जे पिकेल ते एकाच टाकीत. लांबच्या प्रवासात ती टिकेल याची खात्री नाही, त्यामुळे परदेशात पत नाही. फ्रेंच वाईन मात्र जगभर जात होती. रिकासोली फ्रान्सला जाऊन तिथली पद्धत बघून आला. परत आल्यावर ब्रोलियोत एकेक वाण वेगळा आंबवून, वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून, चाखून, टिपणं काढून प्रयोग सुरू केले. हे काम दोन-चार हंगामांचं नव्हतं, ते तीसेक वर्षं चाललं.

मधल्या काळात देशाचं राजकारण त्याला ओढून घेऊन गेलं. इटली तेव्हा तुकड्यातुकड्यांत विभागलेली होती. १८४७ मध्ये त्याने ‘ला पात्रिया’ या वर्तमानपत्राच्या स्थापनेत पुढाकार घेतला. एप्रिल १८५९ मध्ये ग्रँड ड्यूक फ्लॉरेन्स सोडून गेला आणि काही महिन्यांतच तोस्कानाचा कारभार रिकासोलीच्या हाती आला. फ्रान्स आणि ऑस्ट्रियाने परस्पर ठरवलं की ड्यूकला परत गादीवर बसवायचं. हा गडी हलला नाही. मार्च १८६० मध्ये जनमत घेतलं, साडेतीन लाखांहून जास्त मतं विलीनीकरणाच्या बाजूने पडली, आणि तोस्काना नव्या इटलीत सामील झाला. १८६१ च्या जूनमध्ये पहिला पंतप्रधान कावूर अचानक वारला, तेव्हा त्याच्या जागी रिकासोली आला. राजाशी त्याचं जमलं नाही, वर्षाच्या आतच तो बाहेर पडला. १८६६ मध्ये ऑस्ट्रियाशी युद्धाच्या तोंडावर पुन्हा बोलावणं आलं. प्रशियाशी केलेला करार मोडलात तर व्हेनिसचा प्रदेश देतो, असा प्रस्ताव फ्रान्सकडून आला, तेव्हा त्याने तो झिडकारला. दिलेला शब्द मोडून त्याला काही नको होतं. व्हेनिस पुढे इटलीला मिळालंच. १८६७ च्या एप्रिलमध्ये त्याने पद सोडलं.

त्यानंतरची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. सप्टेंबर १८७२ मध्ये पिसा विद्यापीठाचे प्राध्यापक स्तुदियाती यांना त्याने एक पत्र लिहिलं आणि इतक्या वर्षांच्या प्रयोगांचा निष्कर्ष सांगितला. वाईनचा सुगंध आणि जोम सांजोवेझे या लाल वाणातून येतो. कानाइओलो हा दुसरा लाल वाण त्याचा कडकपणा कमी करतो. तिसरा माल्वाझिया, पांढरा. तो घातला की वाईन हलकी होते, रोजच्या जेवणात लवकर प्यायला बरी. मात्र जी वाईन वर्षानुवर्षं ठेवून मुरवायची आहे, तिच्यात हा पांढरा वाण जवळजवळ नकोच.

म्हणजे ही सरसकट कृती नव्हतीच, तिला एक अट होती. कामासाठी कोड लिहिणाऱ्यांना हे चटकन कळेल. २३ ऑक्टोबर १८८० रोजी बॅरन ब्रोलियोतच वारला आणि ती अट हळूहळू गळून पडली. लक्षात राहिलं ते एवढंच, की बॅरनच्या कृतीत पांढरी द्राक्षं असतात.

१९३२ मध्ये कियांती हे नाव मूळ टापूच्या बाहेर दूरवर पसरवलं गेलं. १९६३ मध्ये इटलीने वाईनच्या दर्जाचा कायदा केला. कुठल्या प्रदेशाचं नाव लावायचं असेल तर कुठली द्राक्षं, कुठल्या हद्दीत, हे सरकारने ठरवायचं. हा ‘डीओसी’ दर्जा. त्याच्या वरचा, जास्त कडक तपासणीचा ‘डीओसीजी’. १९६७ मध्ये कियांतीला डीओसी मिळाला, आणि नियमात पांढरी द्राक्षं १० ते ३० टक्के घालणं सक्तीचं झालं. त्यात त्रेब्बियानोही होता. भरपूर पिकणारा, पण चवीला फिका. बॅरनच्या पत्रात त्याचं नावसुद्धा नव्हतं.

परिणाम व्हायचा तोच झाला. फिकी, पाणचट कियांती गवताच्या वेष्टणातल्या बाटल्यांतून जगभर गेली आणि नाव खराब झालं. चांगलं काम करू पाहणारे मळेवाले नियमाबाहेर पडले. अँतिनोरी घराण्याची ‘तिन्यानेल्लो’ १९७१ च्या हंगामापासून साधी ‘टेबल वाईन’ म्हणून विकली जाऊ लागली. म्हणजे दर्जाच्या उतरंडीत सगळ्यात खाली, पण भाव कियांतीपेक्षा चढा. मग सरकारला जाग आली. १९८४ मध्ये डीओसीजी देताना पांढऱ्यांचं प्रमाण खाली आणलं. १९९६ मध्ये क्लासिकोसाठी नुसती सांजोवेझे चालेल असं ठरलं. २००६ च्या हंगामापासून क्लासिकोत पांढरी द्राक्षं बंदच झाली. आता तिच्यात किमान ८० टक्के सांजोवेझे लागते. जे बॅरनने १८७२ मध्ये सांगितलं होतं, तिथे यायला सव्वाशेहून जास्त वर्षं गेली.

लेबल वाचताना एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. नुसती ‘कियांती’ लवकर प्यायची, तिच्यात थोडी पांढरी द्राक्षं अजूनही चालतात. ‘रिझेर्वा’ आणि ‘ग्रान सेलेत्सियोने’ मुरवलेल्या.

हीच सांजोवेझे आता सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ ‘फ्रातेल्ली’च्या मळ्यातही लावलेली आहे. तोस्कानात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, तर आपल्याकडे एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या करून माल उन्हाळ्याच्या तोंडावर काढायचा. माती वेगळी, ऊन वेगळं. नाशिक-सांगलीकडच्या ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे, त्यांना हे सांगायला नको. तिथे बॅरनची टक्केवारी उचलून उपयोग नाही. उचलायची तर त्याची पद्धत: प्रत्येक वाण वेगळा करून बघायचा, लिहून ठेवायचं, आणि काय घातलं याच्यासोबत कशासाठी घातलं हेही पुढच्याला सांगून जायचं.